सेंट क्रॉयच्या काठी ग्रेप फर्न शोधताना: एक शनिवार, तीन रोपं

बाबा साताऱ्याहून आलेत तीन महिन्यांसाठी. मॉल बघून झाला, लेक सुपीरियर बघून झालं, मग ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी त्यांना गाडीत घातलं आणि इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, सेंट क्रॉय नदीकडे निघालो, मिनियापोलिसपासून तासाभराचा रस्ता. कुठे चाललोय विचारलं तर म्हटलं नेचा बघायला. "नेच्यासाठी तासभर गाडी? आपल्या विहिरीत काय कमी होता का?"

विहिरीतला नेचा वेगळा बाबा. ग्रेप फर्न म्हणजे बोट्रिकियम, वर्षाला बहुतेक एकच पान काढतं. त्या पानाचा एक भाग हिरवा, जमिनीलगत पसरलेला, आणि दुसरा म्हणजे सरळ उभा दांडा, त्यावर बीजाणूंच्या बारीक गोळ्या द्राक्षाच्या घडासारख्या, म्हणून ग्रेप. आपल्याकडे सड्यांवर पावसाळ्यात ऑफिओग्लॉसम उगवतं ना, त्याच कुळातलं. बीजाणू अंधारात, मातीखाली रुजतो, बुरशीच्या जिवावर काही वर्षं खालीच काढतो आणि मग कुठे पहिलं पान वर येतं. मोठं झालेलं रोपसुद्धा एखाद्या वर्षी वर येतच नाही. त्यामुळे "मागच्या वर्षी होतं, यंदा नाही" म्हणजे मेलं असं धरू नका.

जुन्या नोंदींची भानगड इथूनच सुरू होते. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या रोपांच्या संग्रहातल्या, जुन्या शीटवर बऱ्याचदा नुसतं काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) नाव असतं आणि "पाइनचं जंगल", बास, आता शोधा. त्यात नावांचा गोंधळ, म्हणजे पूर्वी अमेरिकेतल्या कितीतरी ग्रेप फर्नना टर्नेटम या जातीचं नाव द्यायचे, जी खरं तर जपानकडची. मिशिगन विद्यापीठाच्या वॅग्नर या वनस्पतिशास्त्रज्ञ सरांनी 1981 मध्ये मॉर्मो आणि 1982 मध्ये रुग्युलोसम ही बोट्रिकियमची वेगळी जात म्हणून मांडली, तेव्हा त्याआधीच्या नोंदींमध्ये या जाती त्यांच्या नावाने सापडणार तरी कशा? शीट परत काढून तपासाव्या लागतात, आणि कोवळं रोप असेल तर तज्ज्ञही हात टेकतात. शिवाय 19व्या शतकात या खोऱ्यातला व्हाइट पाइन तोडून ओंडके याच नदीतून खाली सोडले, म्हणजे लेबलवरचं "पाइनचं जंगल" आता त्या जागी असेलच असं नाही. माझं मत विचाराल तर "दुर्मिळ" या शब्दात निम्मी दुर्मिळता रोपाची आणि निम्मी गुडघ्यावर बसणाऱ्या माणसांची.

अर्थात सगळंच तसं नाही. मॉर्मो खरंच संकटात आहे आणि कारण चक्क गांडूळ! हिमयुगानंतर इथे गांडुळं नव्हतीच, युरोपातून माणसांबरोबर आली, मासेमारीचं उरलेलं आमिष लोक जंगलात फेकतात त्यातूनही पसरली. ती पानांचा कुजका थर खाऊन टाकतात आणि मॉर्मो राहतं त्याच थरात. बाबांना हे पटेना, आयुष्यभर गांडूळखताचं कौतुक केलेला माणूस.

आता जाणाऱ्यांसाठी. ऑक्टोबर चांगला, कारण बाकीचं गवत-झुडूप वाळतं आणि ग्रेप फर्नचं पान हिरवं किंवा तांबूस राहतं, थंडीभर टिकतं. मेपलखाली गळलेल्या पानांत काही दिसत नाही, त्यापेक्षा पाइनखाली, वाळूच्या जमिनीत, जुन्या पडीक शेताच्या कडेला बघा. रॅटलस्नेक फर्न या जवळच्या नेच्याशी गल्लत होते, पण त्याचं पान दांड्याच्या मध्यावर फुटतं, ग्रेप फर्नचं अगदी जमिनीजवळून. स्टेट पार्कात गाडीचा दिवसाचा परमिट लागतो. रोप उपटू नका, पार्कात तशीही परवानगी नाही आणि घरी लावून ते जगतही नाही, बुरशी कुठून आणणार? गोचीड थंडीतही असतात, पँट मोज्यात खोचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरणांची शिकार असते, तेव्हा भडक केशरी जॅकेट घाला आणि पार्क उघडा आहे का आधी बघून घ्या. बूट जाण्याआधी घासा, गांडुळाची अंडी मातीतून जातात.

आम्ही पहिला दीड तास फुकट घालवला. गाजराच्या पाल्यासारखं काहीतरी दिसलं की मी ओरडायचो आणि ते काहीतरी भलतंच निघायचं. मग एका पडीक माळाच्या कडेला चहा प्यायला बसलो आणि थर्मास ठेवला त्याच्या वीतभर पलीकडे होतं. जाड, चामड्यासारखं, तळहाताएवढं हिरवं पान, वर दांडा वाळून पिवळट. बोटाने हलकं टिचकी मारली तर पिवळी धूळ उडाली. शेजारी अजून दोन, त्यातलं एक जवळजवळ माझ्या गुडघ्याखाली गेलेलं, म्हणून सांगतो, बसायच्या आधी चहूकडे बघा.

बाबा चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले. "द्राक्ष कुठलं, हे तर वरीचं कणीस."

फोटो दोन जाणकारांना पाठवले. एक म्हणाले मल्टिफिडम (ग्रेप फर्नचीच एक जात), दुसरे म्हणाले बहुतेक मल्टिफिडम, पण अजून मोठं पान बघायला हवं. पुढच्या वर्षी परत जाऊ. जागा नक्की कुठली ते मात्र विचारू नका, वहीत लिहून ठेवलीय, काउंटीच्या नावापेक्षा जरा जास्त नीट.