मोठ्यानं विचार

"विचार करताना बोलत राहा, मला ऐकू येऊ द्या," स्क्रीनवरचे सर म्हणाले. आणि माझा लहान भाऊ गप्पच झाला.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची मुलाखत, ४५ मिनिटं. आवाज नको म्हणून आईनं कुकरही लावला नव्हता. मी दाराआड उभा. आतून फक्त पंख्याचा आवाज.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता. लिंक्ड लिस्ट, म्हणजे दुव्यांनी एकापुढे एक जोडलेल्या माहितीची साखळी, उलटी करायची होती; बाण काढून, एकेक दुवा फिरवून त्यानं ती बरोबर सोडवली होती. "दादा, मले येत होतं ना. पण तोंडातून निघेच ना."

पद्धत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. उत्तरापर्यंत तुम्ही कसे पोचता हे त्यांना पाहायचं असतं, आणि ते ऐकल्याशिवाय कसं कळणार? नुसती कोडी घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण आमच्या यवतमाळकडच्या शाळेत "तोंड बंद ठेव अन् गणित सोडव" हेच ऐकत तो मोठा झाला. पेरणीआधी बाबा तासभर बांधावर उभे राहतात, एक शब्द बोलत नाहीत. आमच्या घरी विचार असाच करतात.

आज रात्रीपासून तो मला प्रत्येक पायरी मोठ्यानं सांगणार आहे. मला कोडिंग कळत नाही, पण मी ऐकेन.

तुमच्यापैकी कोणी अशी मुलाखत दिली असेल, तर त्याच्याशी अर्धा तास फोनवर बोलाल का?