पोर्ट संपले की नवा स्विच कुठं जोडायचा?

कोल्हापूर-सांगली भागात मी शाळा, पतसंस्था, दवाखाने यांची नेटवर्कची कामं करतो. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच : "दादा, पोर्ट संपलेत. आठ पोर्टचा एक स्विच आणून लावू का?" (स्विच म्हणजे संगणक, कॅमेरे केबलीनं एकमेकांना जोडणारी पेटी, आणि पोर्ट म्हणजे तिच्यावरची केबल खोचायची जागा.) लावा की. स्विचला स्विच जोडण्यात काहीही गैर नाही. फक्त तो कुठल्या स्विचला जोडताय ते बघा. माझं म्हणणं ठाम आहे : केबल थोडी जास्त लागली तरी चालेल, पण नवा स्विच थेट मुख्य स्विचलाच, म्हणजे राउटरला लागून असलेल्या स्विचलाच जोडायचा.

बहुतेक ठिकाणी होतं उलटंच. राउटर ऑफिसात, तिथून एक केबल संगणक लॅबमध्ये, लॅबच्या स्विचमधून स्टाफरूमला, स्टाफरूममधून ग्रंथालयाला. गरज पडेल तशी साखळी वाढत जाते. मग स्टाफरूममध्ये कुणीतरी मोबाईल चार्जिंगला लावायला स्विचचा ॲडॅप्टर काढतं आणि ग्रंथालयाचं नेट जातं. ग्रंथपाल मॅडम बिचाऱ्या आपलाच संगणक बंद-चालू करत बसतात.

एका हायस्कूलमध्ये अशीच साखळी मोडून मी सगळं नव्यानं बांधलं. ऑफिसच्या रॅकमध्ये मुख्य स्विच २४ पोर्टचा. त्यातून तीन वेगळ्या केबल : लॅबच्या २४ पोर्टच्या स्विचला एक, वरच्या मजल्यावरच्या १६ पोर्टच्या स्विचला एक आणि स्टाफरूमच्या ८ पोर्टच्या स्विचला एक. बेरीज ७२ होते, पण हातात ७२ पोर्ट येत नाहीत. प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांना एकेक पोर्ट खाते, म्हणजे ६ गेले, राउटरला १. उरले ६५. खरेदीच्या वेळी हा हिशोब आधी मांडा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तीच वेळ येते.

दोन स्विच जोडायला पूर्वी क्रॉस केबल, म्हणजे एका टोकाला तारांची अदलाबदल केलेली केबल लागायची, किंवा स्विचवर दुसऱ्या स्विचला जोडण्यासाठी 'अपलिंक' लिहिलेलं वेगळं पोर्ट असायचं. आजचे गिगाबिट स्विच पोर्ट आपोआप जुळवून घेतात, त्यामुळे साधी पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार केबल) कुठल्याही पोर्टात चालते. पण ही जोडणीची केबल इतर केबलींसारखी समजू नका. तिच्यावरून एका संगणकाचा नाही, अख्ख्या खोलीचा डेटा जातो. १ गिगाबिटच्या, म्हणजे १००० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) केबलवर लॅबचे २३ संगणक एकाच वेळी तुटून पडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४३ एमबीपीएस येतात. शाळेची इंटरनेट लाइनच १०० एमबीपीएसची असेल तर हे भरपूर झालं.

खरा घात होतो तो क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे केबलीच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवताना. गिगाबिटला आठही तारा, म्हणजे चारही जोड्या लागतात. एखादी निळी किंवा तपकिरी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचली नाही, की जोडणीचा वेग बरेचदा गुपचूप १००० वरून १०० एमबीपीएसवर उतरतो. नेट चालू असतं म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि लॅब मात्र 'हळू' म्हणून बदनाम होते. म्हणून जोडणी झाल्यावर मी आधी पोर्टचा दिवा बघतो. बऱ्याच स्विचवर १००० ला एक रंग आणि १०० ला दुसरा असतो. कुठला कशाचा ते पेटीवर किंवा पुढच्या पट्टीवर छापलेलं असतं. आणि या केबलीला तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर मी वापरत नाही. अस्सल तांब्याची कॅट ६ दर्जाची केबल, आणि एका स्विचपासून दुसऱ्यापर्यंत १०० मीटरच्या आत.

कॅमेऱ्यांचं वेगळं बघावं लागतं. स्विच हुशार असतो : कुठल्या पोर्टवर कोण आहे हे तो मॅक ॲड्रेसवरून (प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) शिकतो आणि डेटा तेवढ्याच पोर्टला देतो. म्हणून रेकॉर्डर कॅमेऱ्यांच्याच स्विचवर ठेवला, तर रेकॉर्डिंगचा सगळा भार तिथल्या तिथे राहतो, मुख्य जोडणीवर येतच नाही. रेकॉर्डर दुसरीकडे असेल तर हा भार जोडणीवर येतो : १६ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तरी ६४ होतात, आणि स्वस्तातल्या अनेक पीओई (केबलीतूनच कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या) स्विचचं अपलिंक पोर्ट १०० चंच असतं. रेकॉर्डरची जागा बदलली, एवढ्यानंच ऑफिसचं काम सुरळीत झालेलं मी पाहिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं : लूप, म्हणजे केबलींचं फिरून तिथेच येणारं कडं. झाडू मारताना सुटलेलं केबलचं टोक कुणीतरी भल्या मनानं रिकाम्या पोर्टात खोचतं, आणि तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये असतं. केबलीवरून (इथरनेटवर) डेटा ज्या तुकड्यांत जातो, त्या फ्रेमला संपण्याची मर्यादाच नसते. इंटरनेटच्या आयपी पॅकेटवर टीटीएल नावाचा आयुष्य मोजणारा आकडा असतो, तो प्रत्येक राउटरला एकानं कमी होतो. फ्रेमला तसलं काही नाही. एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेला संदेश, फिरत राहतो, त्याच्या प्रती होत राहतात आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क ठप्प होतं. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना यावर स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल शोधला, जो लूप ओळखून जादाची जोडणी बंद ठेवतो. मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे ज्याच्या सेटिंग बदलता येतात अशा स्विचमध्ये, तो असतो. चालू आहे ना, एवढं मात्र बघून घ्या. साध्या स्विचमध्ये बहुधा नसतो.

लूप झाला की स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, न थांबता लुकलुकतात. अशा वेळी मी मुख्य स्विचवरच्या जोडणीच्या केबली एकेक करून काढतो. योग्य केबल निघाली की मुख्य स्विच शांत होतो आणि लूप असलेला स्विच तिकडे लुकलुकतच राहतो. तेवढ्याच खोलीत जाऊन शोधायचं. बाकीची शाळा तोवर चालू. यासाठी प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना लेबल हवंच.

स्विच नाही म्हणून घरचा जुना वायफाय राउटर लावणार असाल, तर त्याचं डीएचसीपी (संगणकांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता बदला आणि केबल वॅन पोर्टात (इंटरनेट लाइनच्या) न लावता लॅन पोर्टात (संगणकांच्या) लावा. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन-दोन राउटर पत्ते वाटायला लागतात आणि काही संगणकांना नेट मिळतं, काहींना नाही.

आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कशा पडतात ते सांगायला नको. जवळ वीज पडली की त्या केबलीवरून झटका येतो आणि दोन्हीकडचे स्विच जातात. फायबर काचेचा, त्यातून वीज वाहत नाही. फायबर केबल घेताना आत धातूची तार किंवा पत्रा नसलेली मागा, दोन्ही टोकांना एसएफपी मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारा फायबरचा जोड) किंवा मीडिया कन्व्हर्टर (फायबरवरून तांब्यावर बदलणारी छोटी पेटी) लावा. १०० मीटरची अडचणही त्यातच मिटते.