एका ठिपक्यावर चाळीस फ्लॅट आणि न फुटणारा क्लस्टर

विक्रीचे फ्लॅट नकाशावर दाखवणारी साइट मी बनवतोय. जवळजवळचे ठिपके नकाशा एका आकड्याच्या गोळ्यात गुंडाळतो, तो क्लस्टर; आत झूम केलं की तो फुटायला हवा, पण एका इमारतीचा फुटेना. मागच्या वेळी ज्या क्लस्टरपायी मी वैतागून मॅपलिबर (वेबपानावर नकाशा काढणारी लायब्ररी) सोडून लीफलेट या जुन्या लायब्ररीकडे परत जायच्या गोष्टी करत होतो, तो प्रश्न सुटला. क्लस्टर मात्र फुटलेला नाही. तो फोडायचाच नाही असं ठरवलं आणि गाडं पुढे सरकलं.

एका इमारतीतले चाळीस फ्लॅट विक्रीला असले की चाळिसांचे अक्षांश-रेखांश तेच. नकाशावर ४० आकड्याचा गोळा दिसतो. क्लिक केलं की कोड विचारतो, कितव्या झूमला फुटणार? उत्तर येतं १८. नकाशा झर्रकन आत जातो, गोळा गायब होतो आणि उरतो एकच ठिपका. बाकीचे एकोणचाळीस त्याच्याच खाली दडलेले. यात मॅपलिबरचं काही चुकत नाही. जिओजेसन सोर्सचा (नकाशाला बिंदू पुरवणाऱ्या डेटाचा) कमाल झूम मुळात १८ धरलेला असतो आणि क्लस्टरिंग त्याच्या एक पायरी आधी, १७ ला थांबतं. घर शोधणाऱ्याला मात्र वाटणार, इथे एकच फ्लॅट आहे.

लीफलेटच्या मार्करक्लस्टर प्लगइनमध्ये यावर स्पायडरफाय आयतं मिळतं, म्हणजे एकाच जागेचे मार्कर कोळ्याच्या पायांसारखे भोवती पसरतात. चार-पाच फ्लॅट असतील तर झकास. नऊ मार्कर झाले की ते वर्तुळ सोडून सर्पिल काढायला लागतं, आणि चाळिसांचं सर्पिल आजूबाजूच्या इमारती गिळून बसतं. मोबाइलवर अंगठ्याखाली कोणता मार्कर येईल ते नशिबावर.

दुसरा लोकप्रिय उपाय जिटर, म्हणजे प्रत्येक बिंदू कुठेही थोडासा सरकवायचा. मला हा मुळीच पटत नाही. फ्लॅट कधी रस्त्याच्या मधोमध, कधी शेजाऱ्याच्या गच्चीवर, आणि पान पुन्हा उघडलं की तिसरीकडेच. लोक याच नकाशावरून शाळा किती लांब ते बघणार आहेत.

मग डोक्यात आलं, नकाशाला फ्लॅट द्यायचेच कशाला? इमारतीच देऊ. आता सर्व्हरवरच गट पडतात. एक इमारत, एक फीचर (म्हणजे डेटातली एक नोंद), आत युनिट्सचा, म्हणजे फ्लॅटचा, आकडा आणि फ्लॅटच्या आयडींची यादी. सोर्सच्या क्लस्टर-प्रॉपर्टीजमध्ये या युनिट्सची बेरीज केली आणि गोळ्यावर मॅपलिबरच्या आयत्या पॉइंट-काउंटऐवजी (बिंदूंच्या संख्येऐवजी) तीच छापली, कारण पॉइंट-काउंट आता इमारती मोजतो. इमारतीवर क्लिक केलं की बाजूच्या पॅनेलमध्ये सगळे फ्लॅट किमतीच्या क्रमाने. १२४ चा गोळा ६०, ४० आणि २४ असा फुटला, बेरीजही जुळली, तेव्हा मी उगाचच बराच वेळ झूम आत-बाहेर करत बसलो!

एक लक्षात ठेवा. लेयरवर (नकाशावरच्या थरावर) सेट-फिल्टर लावून गोळ्यातले आकडे बदलत नाहीत, कारण क्लस्टर आधीच बनून गेलेले असतात. "फक्त दोन बेडरूम" निवडलं की डेटाच गाळून सेट-डेटाने सोर्सला नव्याने द्यावा लागतो.

गट कशावरून पाडायचे, यातही बराच वेळ गेला. अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत गोल केले तर जाळीचं घर विषुववृत्तावर साधारण १.१ मीटरचं, चारपर्यंत केले तर ११ मीटरचं. पण जाळी आली की रेघ आली, आणि हातभर अंतरावरचे दोन बिंदू रेघेच्या अल्याड-पल्याड पडले की झाली एका इमारतीची दोन. पोस्टजीआयएस या नकाशा-डेटाबेसचं एसटी-क्लस्टर-डीबीस्कॅन हे फंक्शन ठरावीक अंतराच्या आतले बिंदू एका गटात घालतं. ते रेघ मारत नाही, पण साखळी जोडतं. ओळीने असलेल्या रो-हाउसमध्ये पहिलं दुसऱ्याला धरतं, दुसरं तिसऱ्याला, आणि अख्खी रांग एक इमारत होऊन बसते. (वापरणारच असाल तर अंतर ३८५७ मध्ये, म्हणजे वेब नकाशांच्या सपाट मर्केटर प्रक्षेपणात, मोजू नका. ६० अंश अक्षांशावर तिथला मीटर दुप्पट फुगलेला असतो.) शेवटी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले इमारतींचे आराखडे घेतले. बिंदू ज्या आराखड्यात पडेल तो त्याचा गट. आराखडा नसेल तिथेच पाच दशांशांची जाळी.

बेसमॅप, म्हणजे खालचा रस्त्या-नद्यांचा नकाशा, पीएमटाइल्स या फॉरमॅटवर हलवला. एकच फाइल, नकाशाचे चौकोनी तुकडे (टाइल) वाटणारा वेगळा सर्व्हर नाही, ब्राउझर हवा तेवढाच तुकडा मागतो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये २०६ ची (फाइलचा फक्त काही भाग मिळाल्याच्या उत्तराची) रांग बघायला मजा येते. देवनागरी लेबलांचं रडगाणं मात्र कायम आहे. मॅपलिबर स्वतःहून जोडाक्षरं जुळवत नाही आणि पहिली वेलांटी भलत्या बाजूला टाकतं. रास्टर टाइलमध्ये, म्हणजे तयार चित्रांच्या तुकड्यांत, अक्षरं सर्व्हरवरच रंगवून येतात, तिथे हा त्रास नाही. तूर्तास इमारतींची नावं एचटीएमएल मार्करमध्ये टाकतोय, तीही फक्त खोल झूमला. आकडे मॅपलिबरच्या स्वतःच्या लेबलांच्या थरात (सिम्बॉल लेयरमध्ये) व्यवस्थित येतात.

पुढचा टप्पा म्हणून नकाशावर बोटाने रेघ ओढून भाग घेरायचा आणि त्यातले फ्लॅट शोधायचे, अशी सोय मागच्या वेळी सांगितली होती. ती लांबणीवर. कारण गट पाडल्यावर शंभरावर फ्लॅटांची एक "इमारत" सापडली, तीही चक्क तळ्यात. जाहिरातींत पत्ता म्हणून नुसतं परिसराचं नाव होतं, म्हणून सगळ्यांना परिसराचा मध्यबिंदू मिळालेला. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढण्याच्या (जिओकोडिंगच्या) कामाला मी ओपनस्ट्रीटमॅपचं नॉमिनाटिम वापरतो. त्याच्या उत्तरात प्लेस-रँक, म्हणजे जागा किती नेमकी त्याचा आकडा, येतो, घर-इमारतीला ३०, रस्त्याला २६-२७. आता तो साठवायचा आणि ३० असेल तरच ठिपका द्यायचा. परिसरापुरताच पत्ता असेल तर परिसराची फिकट सीमा आणि त्यावर आकडा.

त्यासाठी सगळे पत्ते पुन्हा जिओकोड करावे लागणार. नॉमिनाटिमच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकच विनंती चालते आणि टाइप करताना सुचवण्यांसाठी तो वापरायला बंदी आहे, म्हणून स्वतःचा बसवतोय. शोधपेटीतल्या सुचवण्यांना फोटॉन, ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावरचंच दुसरं शोधयंत्र. गूगलचं जिओकोडिंग उत्तम आहे, पण त्याची उत्तरं दुसऱ्याच्या नकाशावर दाखवणं त्यांच्या अटींत बसत नाही, त्यामुळे माझ्यासाठी तो विषय संपला.

हे लिहिताना आणखी एक सुचलं. ओढलेली रेघ परिसराच्या मधून गेली तर त्या परिसरातले फ्लॅट आत धरायचे की बाहेर? मी निम्म्याहून जास्त क्षेत्र आत असेल तर धरायचे, या मताचा आहे. कुणी हे करून पाहिलं असेल तर सांगा, नाहीतर आधी तेच लिहायला घेतो.