उरलेले दोन फोटो

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर मी ‘आयर्न लंग’ हा गेम खेळत बसलो होतो. समोर लॅपटॉप, बाजूला चौकटींची एक जुनी वही आणि पट्टी. अकरावीत शिकणारा माझा भाचा चार दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आला होता आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहून पाहत होता. गेममधल्या पाणबुडीच्या बाहेरून काहीतरी घासत गेल्यासारखा आवाज आला, तसा तो एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, “मामा, एवढी भीती वाटतेय तर बंद का करत नाहीस?” वहीतल्या आकड्यांवरची नजर न काढता मी म्हणालो, “थांब रे, अजून दोन फोटो राहिलेत.” बोलून गेल्यावर माझे मलाच नवल वाटले. ते फोटो हवे होते कुणाला?

छोट्या, कथाप्रधान कॉस्मिक हॉरर गेममध्ये खेळणारा पुढे का जातो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतो आहे. या प्रकारात जिंकण्यासारखे फारसे काही नसते. हे विश्व माणसाच्या आकलनापलीकडचे आहे आणि त्याला माणसाचे काडीचेही सोयरसुतक नाही, ही या भयामागची मूळ कल्पना. अशा कथेत खेळणाऱ्याने शेवटी राक्षसाला मारून जग वाचवले तर ती कल्पनाच ढासळते. त्यामुळे इथे शस्त्र नसते, गुणांची बेरीज नसते, वाढत जाणारी ताकद नसते आणि सुटकेची आशाही नावापुरतीच असते. नेहमीच्या गेममध्ये आपल्याला खुर्चीला बांधून ठेवणाऱ्या बहुतेक दोऱ्या इथे कापलेल्या असतात, आणि तरीही आपण बसून राहतो.

डेव्हिड शिमान्स्की यांनी २०२२च्या मार्चमध्ये आणलेला ‘आयर्न लंग’ साधारण तासाभरात संपतो. विश्वातले सगळे तारे आणि राहण्याजोगे सगळे ग्रह एकाएकी नाहीसे झाले आहेत. अवकाशस्थानकांवर आणि यानांत होती तेवढीच माणसे उरली आहेत. अशातच एका ओसाड उपग्रहावर रक्ताचा समुद्र सापडतो आणि त्याच्या तळाची पाहणी करायला एका कैद्याला गंजक्या पाणबुडीत बंद करून खाली सोडले जाते. तो कैदी म्हणजे आपण. एवढी खोली त्या पाणबुडीला पेलवणारी नसल्याने पुढची खिडकी लोखंडाने बंद केलेली आहे, त्यामुळे बाहेरचे काहीही दिसत नाही. एक नकाशा, आपण कुठे आहोत आणि आपले तोंड कुठल्या दिशेला आहे हे सांगणारे आकडे, भिंत किंवा आणखी काही जवळ आले की लुकलुकणारे दिवे, आणि मागच्या बाजूला कॅमेऱ्याचे एक बटण, एवढाच आपला संसार. बटण दाबले की क्षणभराने पडद्यावर एक रवाळ, काळपट छायाचित्र उमटते. बाहेरच्या जगाशी आपला संबंध येतो तो एवढाच. पोलिओच्या साथींच्या काळात रुग्णाला गळ्यापर्यंत आत ठेवून त्याचा श्वास चालू ठेवणारी जी लोखंडी पेटी असे, तिचे नाव या पाणबुडीला दिले आहे, हे कळल्यावर ती आणखी अरुंद वाटू लागते.

इथे एका गोष्टीकडे बारकाईने पाहायला हवे. सुकाणू पुढे आहे आणि कॅमेऱ्याचे बटण मागे आहे. त्यामुळे प्रत्येक फोटोसाठी पाणबुडी थांबवून, सुकाणूकडे पाठ करून, चार पावले चालत जावे लागते. ती चार पावले हा मला या गेमचा सगळ्यांत हुशार भाग वाटतो. चित्रपटात दार आपोआप उघडते आणि आपण डोळे मिटून घेऊ शकतो. इथे बटण दाबल्याशिवाय काहीच दिसणार नसते, आणि दाबणारे बोट आपले असते. म्हणजे भीतिदायक दृश्य आपल्यावर लादले जात नाही. ते आपण मागवतो. आणि मागवतो ते धाडस म्हणून नव्हे, तर नकाशावर एक ठिकाण दिलेले आहे, आपण आकडे जुळवत तिथवर पोहोचलो आहोत आणि आता काम अर्धवट ठेवणे जिवावर येते म्हणून. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. ताळेबंदात साडेसात रुपयांचा फरक निघाला, तर तो सापडेपर्यंत घरी न जाणाऱ्या माणसांमध्ये माझी हयात गेली आहे, आणि रक्ताच्या समुद्राच्या तळाशी मला पुढे ढकलत होती ती वृत्ती नेमकी हीच होती.

पात्राचा हेतू आणि खेळणाऱ्याचा हेतू यांची इथे अशी गंमतशीर फारकत होते. कैद्याला सुटकेचे आश्वासन दिलेले आहे. काम पुरे केले तर शिक्षा माफ होईल, असे त्याला सांगितले आहे. मला मात्र सुटकेची गरजच नाही, कारण एस्केपचे बटण माझ्या डाव्या हाताशी आहे. कैद्याला बाहेर पडायचे आहे आणि मला आत राहून पाहायचे आहे. अनेक समीक्षक अशा फारकतीला गेमच्या रचनेतला दोष मानतात. कॉस्मिक हॉररमध्ये मात्र तीच उपयोगी पडते असे माझे मत आहे, कारण त्या बिचाऱ्या कैद्याच्या जिवावर कुतूहल भागवणारे जे कुणी वर बसलेले आहेत, त्यांच्याच पंक्तीला गेम आपल्याला नकळत नेऊन बसवतो.

पाहण्याची ही हाव आपल्याला परकी नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन स्वतःहून विश्वरूप दाखवण्याची विनंती करतो, आणि ते दिसल्यावर भयाने थरथरत, पुन्हा पहिले सौम्य रूप धारण कर म्हणून हात जोडतो. फरक एवढाच की अर्जुनासमोर हात जोडायला कृष्ण होता आणि त्याने ते ऐकलेही. कॉस्मिक हॉरर म्हणजे कृष्ण वजा केलेले विश्वरूपदर्शन, असे मला वाटते.

संगणकावर हे गेम येण्याच्या आधी, १९८१ साली, केऑसियम या अमेरिकी कंपनीने ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा गेम आणला. भयकथा लिहिणारा अमेरिकी लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट याच्या कथाविश्वावर सँडी पीटरसन यांनी बेतलेल्या त्या गेममध्ये प्रत्येक पात्राच्या शहाणपणाचा, म्हणजे मनाच्या तोलाचा, एक आकडा असतो आणि भयंकर काही पाहिले की तो घसरतो. पण खरी मेख पुढे आहे: त्या अमानवी सत्याविषयीचे ज्ञान जितके वाढेल, तितकी त्या शहाणपणाची कमाल मर्यादाच कायमची खाली येते. इतर गेममध्ये ज्ञान ही कमाई असते. इथे ते कर्ज आहे. आणि खेळणारे हे पूर्ण ठाऊक असताना तळघरातली ती पोथी उघडतातच, कारण ती न उघडता घरी जाणाऱ्याची गोष्ट सांगायला कुणालाच आवडत नाही. खेळाडूंच्या हेतूंची चर्चा निघाली की ब्रिटिश गेम-अभ्यासक रिचर्ड बार्टल यांची १९९६ची विभागणी हटकून पुढे केली जाते: कमावणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि मारामारी करणारे. ती मुळात अनेकांनी एकत्र खेळायच्या गेमसाठी होती. ओढूनताणून आपल्याला धुंडाळणाऱ्यांत बसवता येईल, पण आखून दिलेल्या ठिकाणांपलीकडे जिथे जाताच येत नाही, तिथे धुंडाळणे तरी कसले? त्यापेक्षा पाळीवर हजर झालेला कामगार, हे वर्णन मला जास्त जवळचे वाटते.

‘नो वन लिव्ह्ज अंडर द लाइटहाऊस’ या २०२०च्या गेममध्ये आपण दीपगृहाचे नवे रखवालदार असतो. जिने चढायचे, दिवा तेवता ठेवायचा, झोपायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिल्या दिवशी कंटाळवाणी वाटणारी ही कामे नंतर आधारासारखी होतात, आणि त्यांच्यात बारीकसा फरक पडला की पोटात गोळा येतो. रोजच्या रांगोळीत एक ठिपका जास्त दिसावा, तसे हे भय. ते उभे राहण्यासाठी आधी रोजचेपणा लागतो, आणि तो घडवायचे काम आपणच केलेले असते.

हे सगळे टिकते ते गेम छोटा आहे म्हणून. न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्सचा ‘ड्रेज’ (२०२३) मला अतिशय आवडतो. दिवसा मासेमारी करायची, अंधार पडायच्या आत बंदर गाठायचे, नाहीतर धुक्यात डोके फिरायला लागते. सुरुवातीचे दोन तास त्या अंधाराची खरोखर दहशत बसते. पण गेम बराच मोठा असल्याने बोटीला मोठे इंजिन बसवता येते, चांगले दिवे लावता येतात, जाळी वाढवता येतात. दहाव्या तासाला मी मध्यरात्री समुद्रात फिरत होतो तो टोपलीत कुठला मासा कुठे मावेल याचा विचार करत. भीतीची जागा धंद्याने घेतली होती. मोठ्या गेमला खेळणारा टिकवण्यासाठी बक्षिसे द्यावीच लागतात, आणि बक्षीस मिळालेला माणूस क्षुद्र राहत नाही. छोट्या गेमवर ही वेळच येत नाही. एवढे कष्ट कशासाठी, हा प्रश्न मनात नीट उभा राहण्याआधी तो संपतो. व्यवहारात मात्र या आखूडपणाची किंमत निर्मात्यालाच मोजावी लागते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, म्हणजे तासाभराचा गेम पूर्ण संपवूनही पैसे परत मागता येतात. नियमात बसत असले तरी खानावळीत ताट चाटूनपुसून स्वच्छ केल्यावर बिलावरून हुज्जत घालण्यासारखे ते मला वाटते.

‘का?’ हा प्रश्न दडवण्याऐवजी थेट खेळणाऱ्याच्या तोंडावर फेकणारा माझ्या पाहण्यातला गेम म्हणजे ब्लॅक टॅबी गेम्सचा ‘स्ले द प्रिन्सेस’ (२०२३). जंगलातल्या घराच्या तळघरात एक राजकन्या आहे, तिला मारले नाही तर जग संपेल, असे निवेदक पहिल्याच मिनिटाला बजावतो. नेमून दिलेले काम इथेही आहे, पण इथे नाही म्हणता येते, कारणे विचारता येतात, पाठ फिरवून चालू पडता येते (वाट पुन्हा त्या घराकडेच नेते, तो भाग वेगळा). सुरी हातात घेऊन खाली उतरलात की रिकाम्या हाताने, यावर राजकन्येचा आवाजही बदलतो, आणि पुढे तर तुम्ही तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यानुसार तिचे रूप घडत जाते. खेळणाऱ्याचा हेतू हाच इथे कथेचा कच्चा माल आहे. कथा सांगितली तर मजा जाईल म्हणून पुढचे लिहीत नाही. एवढेच नोंदवतो की पहिल्या खेपेस मी सुरी घेतली, आणि ती का घेतली याचे माझ्याकडे उत्तर होते ते ‘टेबलावर होती म्हणून’.

२०२३च्या जूनमध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली टायटन ही पाणबुडी फुटून पाच माणसे गेली. त्या दिवसांत ‘आयर्न लंग’ची विक्री एकाएकी वाढली, आणि हे बरोबर वाटत नाही, अशी भावना खुद्द शिमान्स्की यांनी बोलून दाखवली होती. विकत घेणाऱ्या सगळ्यांनाच निर्दय म्हणायला मी धजत नाही. बातम्यांतून ज्याचे नुसते आकडे ऐकू येत होते, ते आत बसून कसे वाटत असेल हे पाहायची इच्छा त्यामागे असणार, आणि ती इच्छा चांगली की वाईट हे मला अजून ठरवता आलेले नाही.

भाचा घरी परतला आणि आठवड्याने त्याचा फोन आला. त्या रात्री शेवटच्या फोटोच्या आधीच त्याला झोपायला पाठवले होते, म्हणून त्याने कुणीतरी खेळलेला अख्खा गेम यूट्यूबवर पाहून टाकला होता, शेवटासकट. आता त्याला तो माझ्या लॅपटॉपवर खेळायचा होता. मी म्हणालो, “अरे, शेवट कळलाय ना तुला? मग आता काय राहिलंय?”

“शेवट कळलाय,” तो म्हणाला, “पण मामा, फोटो मी काढलेले नाहीत ना. आणि ती वही टाकू नकोस.”