डी.फार्म.चं पहिलं वर्ष आणि फार्माकोपियाचे जाड खंड

डी.फार्म. ही औषधनिर्माणशास्त्राची पदविका. तिच्यातल्या फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधं बनवण्याच्या विषयाच्या, पहिल्याच धड्यात फार्माकोपियांच्या, म्हणजे औषधांची मानकं ठरवून देणाऱ्या ग्रंथांच्या, सनावळ्या येतात. अमेरिकेचा फार्माकोपिया १८२०, ब्रिटिश १८६४, इंडियन फार्माकोपियाची पहिली आवृत्ती १९५५, नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया १९६०. यवतमाळकडच्या घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या माझ्यासारखीला एवढं पाठ करणं जड नव्हतं, आणि त्यावर परीक्षेत मार्कही मिळतात. पण नुसत्या सनावळ्यांवर हा धडा संपवणं म्हणजे विद्यार्थ्यांवर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ही पुस्तकं कशासाठी आहेत ते मला कळलं, ते लायब्ररीत बसून ती प्रत्यक्ष उघडली तेव्हा.

आमच्या सरांनी एकच सांगितलं होतं: आधी 'जनरल नोटिसेस' वाच, औषधांकडे मग वळ. सगळ्या विद्यार्थ्यांना मी आज तेच सांगते. पुस्तकातला प्रत्येक शब्द कोणत्या मापाने घ्यायचा ते या भागात ठरवून दिलेलं असतं. एखाद्या चाचणीत अमुक पदार्थ 'सुमारे' इतका घ्या असं लिहिलं असेल, तर दिलेल्या वजनापेक्षा दहा टक्के कमी-जास्त चालतं. मात्र जे घेतलं ते अचूक मोजायचं. 'फ्रीली सोल्युबल' म्हणजे एक भाग पदार्थ विरघळायला एक ते दहा भाग द्रावक पुरतो. 'प्रॅक्टिकली इनसोल्युबल' म्हणजे दहा हजार भागांतही तो विरघळत नाही. अंदाजाला जागाच ठेवलेली नाही.

तापमानाच्या व्याख्यांवर मात्र मी थांबले. 'कोल्ड' म्हणजे आठ अंशांच्या वर नाही, साधारण २ ते ८. 'कूल' ८ ते २५. 'वॉर्म' ३० ते ४०. आणि ४० च्या पुढे 'एक्सेसिव्ह हीट', म्हणजे अतिउष्णता. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. अकोला, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ, कुठेही दुपारी पारा ४० च्या पुढे असतोच, ४५ लाही टेकतो. फार्माकोपिया ज्याला अतिउष्णता म्हणतो, ती आपली रोजची दुपार आहे! टिनाच्या छपराखालच्या मेडिकलमध्ये तर विचारायलाच नको. पाकिटावर '३० अंशांखाली ठेवा' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्या ओळीकडे मी पहिल्यांदा गांभीर्याने पाहिलं ते त्या दिवशी. एस.टी.च्या टपावरून उन्हात आलेला खोका, भारनियमनात बंद पडलेला फ्रिज, खिडकीच्या काचेला लागून ठेवलेली सिरपची बाटली, सगळं त्या ओळीला जोडलं गेलं. औषध खराब झालं की ते रंग बदलेलच किंवा वास मारेलच असं नाही. गोळी दिसायला तशीच राहते, आतलं औषध कमी झालेलं असतं.

मग मोनोग्राफ. एका औषधाची पूर्ण कुंडली म्हणजे मोनोग्राफ. मी पॅरासिटामॉलच्या गोळीपासून सुरुवात केली, कारण ती घरोघरी असते. ओळख कशी पटवायची, कोणती अशुद्धी किती चालेल, आणि शेवटी 'ॲसे' (assay), म्हणजे गोळीत औषध नेमकं किती भरलं ते मोजायची रीत. लेबलवर लिहिलेल्या प्रमाणाच्या ९५ टक्क्यांहून कमी नको आणि १०५ हून जास्त नको. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४७५ ते ५२५. शिवाय बिनलेपाची साधी गोळी पाण्यात १५ मिनिटांच्या आत फुटली पाहिजे, ही अशा गोळ्यांसाठीची सर्वसाधारण अट.

गोळीच्या नावापुढे 'आय.पी.' (इंडियन फार्माकोपिया) लिहिलेलं असतं, ते या सगळ्याची हमी म्हणून. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, याच्या दुसऱ्या अनुसूचीने फार्माकोपियाला कायद्याचं बळ दिलं. गोळी त्यात बसली नाही, तर ती कमी दर्जाची ठरते आणि बनवणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. म्हणूनच याला 'ऑफिशियल' पुस्तक म्हणतात. 'मार्टिंडेल' कितीही मोठा ग्रंथ असला, किंवा डॉक्टरांच्या टेबलावरचं 'सिम्स' कितीही कामाचं असलं, तरी ती नॉन-ऑफिशियल. त्यातून माहिती मिळते, मानक ठरत नाही. हा कायदाही सहज आला नाही. बाजारातल्या भेसळीची चौकशी करायला १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९३१ मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्यातून पुढची वाट निघाली. आज इंडियन फार्माकोपिया काढण्याचं काम गाझियाबादचा फार्माकोपिया आयोग करतो. फॉर्म्युलरीही तोच काढतो. फॉर्म्युलरीचा रोख वेगळा: औषध कशासाठी, किती, कुणाला देऊ नये, सोबत काय टाळावं.

पुढे पाचशे तासांचं प्रशिक्षण तालुक्याच्या एका मेडिकलमध्ये केलं. चिठ्ठीवरची ओ.डी. (दिवसातून एकदा), बी.डी. (दोनदा), टी.डी.एस. (तीनदा), एच.एस. (झोपताना), एस.ओ.एस. (गरज पडली तर) ही अक्षरं तोवर पाठ होती. पण निंदणाला जाणाऱ्या बाईला 'दिवसातून तीनदा' सांगून भागत नाही. तिला 'वावरात निघताना, शिदोरी खाताना, रात्री जेवल्यावर' असं सांगावं लागतं. आणि चिठ्ठीत ए.सी. (जेवणाआधी) असेल, तर तेच 'आधी गोळी, मग भाकर'. प्रतिजैविकांपैकी जी एच-वन यादीत (विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत) आहेत, त्यांची नोंद वेगळ्या वहीत: डॉक्टर, रोगी, औषध, किती दिलं. ती वही तीन वर्षं जपायची.

गिऱ्हाइकांचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. "मॅडम, हे तेच औषध व्हय का? मांगच्या खेपेची गोयी अशी नोयती." कंपनी बदलली की रंग बदलतो, पाकीट बदलतं, आणि माणूस घाबरतो. मी पाकीट उलटं करून मूळ नाव, आय.पी. आणि मिलिग्रॅम दाखवायचे, दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून. सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, रुग्णांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, आणि आपल्या भागात, विशेषतः आदिवासी वस्त्यांत, हा आजार बराच आहे. त्यांच्या कॅप्सूलवर कुठे हायड्रॉक्सीयुरिया असतं, कुठे हायड्रॉक्सीकार्बमाइड. औषध एकच. नाव वेगळं दिसलं म्हणून कुणी गोळ्या बंद केल्या, तर ते दुखणं परत उसळू शकतं. पॅरासिटामॉललाही अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात.

फार्माकोपियातलं एक पान मी आजही पुन्हा पुन्हा काढून वाचते: सर्पदंशावरच्या प्रतिविषाचं (ज्याला आपण लस म्हणतो). एका मिलिलिटरने नागाचं किमान ०.६ मिलिग्रॅम, मण्यारचं ०.४५, घोणसाचं ०.६ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी केलं पाहिजे, असं तिथे ठरवून दिलं आहे. सोयाबीनच्या वावरात रात्री पाणी द्यायला जाणारा माणूस ज्या कुपीच्या भरवशावर जगतो, ती कुपी कसोटीला लावायचे हे आकडे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एक कामाची गोष्ट. लायब्ररीत जुने खंड पडलेले असतात, समजून घ्यायला ते चालतात. पण औषध तपासलं जातं ते चालू आवृत्तीनुसार, म्हणून पुठ्ठ्यावरचं वर्ष पाहूनच आकडे उतरवून घ्या. मी शिकले तेव्हा २०२२ ची नववी आवृत्ती लागू होती.