ओटीपी दुसऱ्याच्या हातात

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार कुणाचे अडकले, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं राहिलं, पेन्शन थांबली, की गावातल्या बाया मोबाइल घेऊन माझ्याकडं येतात. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढं. सातवीपर्यंत मी मराठी शाळेत होते. पुढचं शिक्षण खानापुरात झालं आणि तिथं कन्नड लिहा-वाचायला शिकले. आमच्या गल्लीत कन्नड नीट वाचणारी बाईमाणूस मीच. सरकारी मेसेज येतो कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत. मग "बघ गे, हे कसलं मेसेज आलंय?" म्हणत मोबाइल माझ्या हातात येतो, त्याच्याबरोबर आधार, पासबुक आणि रेशनकार्डाची पिशवीही.

त्यामुळं मला काय काय ठाऊक आहे, हे एकदा सांगायलाच हवं. कुणाच्या खात्यावर किती शिल्लक आहे, बायकांच्या बचत संघाचं कर्ज कुणाचं थकलंय, कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत, कोण नवऱ्यापासून वेगळी राहते. जी गोष्ट ही बाई सख्ख्या जावेला सांगत नाही, ती ओटीपी वाचता येत नाही म्हणून मला कळते. मी ती कुणाला सांगत नाही, पण माझ्या जिभेवर भरवसा ठेवण्याखेरीज तिच्याजवळ दुसरं काही संरक्षण नाही. मी नसले की तोच मोबाइल सेंटरवरच्या पोराच्या हातात जातो, नाहीतर दुकानात. "ओटीपी कुणालाही सांगू नका" असं प्रत्येक मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, आणि ते वाचून दाखवण्यासाठीच मोबाइल दुसऱ्याकडं द्यावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मनापासून सांगतेय: सीमाभागात माहितीचं संरक्षण हा आधी भाषेचा प्रश्न आहे. सर्व्हर किती भक्कम, कुलूप कसलं, हे सगळं नंतर. जिची माहिती आहे तिला ती कोण घेतोय, कशासाठी घेतोय, हे समजलं पाहिजे. मराठीत परिपत्रकं द्या ही आमच्याकडची जुनी मागणी. तिच्याकडं लोक अस्मितेचा विषय म्हणून बघतात, आणि तो आहेच. पण माझ्या ओसरीवर बसलेल्या सत्तर वर्षांच्या आत्तीच्या बाबतीत तो तिच्या खात्यातल्या पैशाचा आणि अब्रूचाही विषय आहे.

११ जून २०२३ ला बायकांसाठी एसटी फुकट झाली, शक्ती योजनेत. तेव्हापासून आधारकार्ड पर्समधून कंडक्टरच्या हातात आणि परत पर्समध्ये, असं चालू आहे. पत्ता कर्नाटकातला पाहिजे. आमच्याकडं निम्म्या सुना चंदगडकडच्या. त्यांच्या आधारवर माहेरचा, म्हणजे महाराष्ट्रातला पत्ता. तो बदलायचा तर लग्नाचा दाखला, नवऱ्याचं आधार, घरपट्टी, सगळ्याच्या झेरॉक्स. पलीकडून महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हा तिकडच्या अर्जांसाठी पुन्हा तीच कागदपत्रं दिली गेली. जानेवारी २०२४ मध्ये बेळगावच्या प्रशासनानं ते अर्ज भरून घेणारी केंद्रं बंद पाडली. दोन सरकारांच्या भांडणावर तेव्हा पुष्कळ छापून आलं. पण तोवर लोकांनी दिलेले आधार आणि रेशनकार्डाचे कागद कुणाच्या ताब्यात राहिले, हा प्रश्न मला कुठं वाचायला मिळाला नाही. एकाच माणसाची माहिती दोन राज्यांकडं आहे, आणि तिच्याबद्दल विचारायचं कुणाला, ते त्या माणसाला एकाही राज्यानं सांगितलेलं नाही.

आता ज्या गोष्टीमुळं मी हे लिहायला बसले ती. गेल्या वर्षी एका सरकारी कचेरीतून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली. पीडीएफ होती. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी येऊन भेटावं, म्हणून टाकलेली. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण रकाने बघा: बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, रेशनकार्ड क्रमांक, आधारचे बाराही आकडे, मोबाइल नंबर, आणि शेवटी कारण. कारणाच्या रकान्यात कुणापुढं केवायसी बाकी, कुणापुढं आयकर, आणि एका बाईच्या नावापुढं 'मृत'. ती बाई त्याच संध्याकाळी दळप घेऊन माझ्या दारावरून गेली. त्या यादीत आणखी एक नाव होतं. ती नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून भावाकडं येऊन राहिलेली, नंबर बदललेला, नवं कार्ड करून घेतलेलं. दोनच दिवसांत नवऱ्याचे फोन सुरू झाले. नंबर कुठून मिळाला, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. तिनं तोही नंबर बंद केला. नंबर बंद झाला म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल गेला, ओटीपी गेला, आणि तो पुन्हा जोडायला सेंटरवर रांग.

मी कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "यादी लावायलाच लागते, पारदर्शकता पाहिजे." यादी लावावी, हे मलाही मान्य आहे. रोजगार हमीत कुणाला किती दिवस काम मिळालं, रेशन कुणाच्या नावावर उचललं गेलं, हे भिंतीवर लागलं म्हणूनच बोगस नावं सापडली. पण त्यासाठी नाव आणि रक्कम पुरते. मोबाइल नंबरानं कसली पारदर्शकता येते? आणि आधार क्रमांक असा उघड छापायला आधार कायद्याच्या २९व्या कलमानंच मनाई केलेली आहे. हे काही आमच्याच गावात घडलेलं नाही. २०१७ मध्ये बेंगळूरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीनं फक्त चार सरकारी संकेतस्थळं तपासली, तर सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडल्याचा त्यांचा अंदाज निघाला. तेव्हा ती संकेतस्थळं होती, आता त्याच याद्या मोबाइलवरून मोबाइलवर फिरतात, आणि ग्रुपवर गेलेली पीडीएफ परत घेता येत नाही.

त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती. मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतील. मी तो कायदा बसून वाचला. त्यात एक फार चांगली तरतूद आहे: संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहे. वाचून मला बरं वाटलं. पण पुढं सातव्या कलमात लिहिलंय की अनुदान, लाभ, दाखला अशा गोष्टींसाठी सरकारला दर वेळी नव्यानं संमती मागायची गरज नाही. म्हणजे बँकेनं आमच्या आत्तीला मराठीत विचारायचं, आणि जिथं तिची सगळ्यात जास्त माहिती जाते त्या सरकारी योजनेत मात्र ते बंधन सुटतं. माझी माहिती पुसा असं कुणी म्हटलं तरी ती पुसून टाकायचं बंधनही सरकारवर नाही. नियमांत एवढं आहे की लाभ देताना माहिती वापरली जातेय हे माणसाला कळवायचं, आणि प्रश्नांना उत्तर देईल अशा माणसाचा संपर्क द्यायचा. कुठल्या भाषेत कळवायचं, तिथंच आमचं घोडं अडतं.

याच कायद्यानं माहिती अधिकारातलं ८(१)(जे) हे कलमही बदललं. वैयक्तिक माहिती आहे म्हणून नाकारणं आता अधिकाऱ्याला जास्त सोपं झालंय. मला भीती याची वाटते की रेशन दुकानाचा हिशेब मागणाऱ्याला 'खासगी माहिती' म्हणून परत पाठवतील, आणि बायकांचे नंबर ग्रुपवर फिरतच राहतील.

नीट विचारलं तर काय फरक पडतो, तेही मी पाहिलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मागासवर्ग आयोगाचं घरोघरचं सर्वेक्षण झालं. साठ प्रश्न, दारावर स्टिकर, मोबाइलवर ओटीपी. जात, उत्पन्न, मालमत्ता, सगळं विचारत होते. २५ सप्टेंबरला उच्च न्यायालयानं सांगितलं की भाग घेणं ऐच्छिक आहे, हे लोकांना कळवा, सक्ती करू नका, आणि माहिती गोपनीय ठेवा. आमच्या गल्लीत आलेल्या बाई मराठी शाळेतल्याच शिक्षिका. त्या प्रत्येक दारात आधी मराठीत म्हणायच्या, "सांगायचं नसंल ते सांगू नका, चालतंय." बायांनी बहुतेक सगळं सांगितलं. उत्पन्नाचं आणि कर्जाचं काहींनी नाही सांगितलं, आणि त्यावरून कुणी कुणाला बोललं नाही. ओटीपी घेताना तो कशाचा आहे हेही बाईंनी सांगितलं. त्या आठवड्यात माझ्याकडं एकही मोबाइल आला नाही.

सध्या मी बायांना काय करायला लावते, तेही लिहिते. झेरॉक्स द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढून घ्या. मे २०२२ मध्ये आधारच्या बेंगळूरू कार्यालयानंच तसं जाहीर केलं होतं, पण दोन दिवसांत केंद्रानं ती सूचना मागं घेतली, त्यामुळं कितीतरी ठिकाणी अजून पूर्ण आकडेच मागतात. तरी देऊन बघा, बऱ्याच ठिकाणी चालतं. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. आणि अंगठ्याचं कुलूप लावा. २०२३ मध्ये मंगळूरू-बेंगळूरूकडं जमिनीची खरेदी नोंदवलेल्या लोकांच्या खात्यांतून पैसे गेले. दस्तावरच्या ठशांवरून अंगठा बनवून ते काढल्याचा संशय होता, आणि नोंदणी खात्याला दस्तावरचे ठसे झाकायचं पाऊल उचलावं लागलं. आधारच्या ॲपमधून अंगठा बंद ठेवता येतो. अडचण एकच: रेशनला अंगठा लागतो. त्या दिवशी कुलूप काढावं लागतं, त्यासाठी ॲप उघडावं लागतं, आणि मोबाइल पुन्हा माझ्याकडं येतो.

म्हणून आम्ही संघाच्या बायांनी मिळून कचेरीत अर्ज दिलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये. यादी लावा, पण नाव आणि रक्कम एवढीच. मोबाइल नंबर आणि पूर्ण आधार कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. अर्ज घेताना ही माहिती कुणाकडं जाते, किती दिवस राहते आणि चूक झाली तर कुणाला भेटायचं, हे मराठीतही लिहून भिंतीवर लावा. योजनेचे मेसेज घेणाऱ्याला भाषा निवडू द्या. ही शेवटची गोष्ट आमच्या कचेरीच्या हातात नाही, म्हणून तिची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलीय. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. निपाणी, चिकोडी, बेळगाव तालुका, कुठल्याही गावातल्या संघाला हा मसुदा हवा असेल तर मागून घ्या, दोन्ही भाषांतला तयार आहे. फक्त गावाचं आणि कचेरीचं नाव बदला, आणि सह्या करणाऱ्या बायांचे मोबाइल नंबर त्यावर लिहू नका.