जुने पत्र, नवा खाते क्रमांक

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांनी मला बोलावले, तेव्हा त्यांच्या जर्मन ग्राहकाने ३८,००० युरो भरल्याची स्विफ्टची (परदेशी बँकांमधल्या व्यवहाराच्या संदेशाची) प्रत पाठवली होती आणि इथल्या बँकेत मात्र काहीच जमा झाले नव्हते. प्रतीवरचे खाते पोर्तुगालमधले होते. काकांनी (दांडिया बाजारातला आमचा जुना घरोबा, म्हणून काका) पहिल्यांदा तेच विचारले, जे माझ्या सायबर सुरक्षेच्या धंद्यात सगळेच विचारतात: "अरे, आमच्यासारख्या लहान कारखान्यात चोराला काय दिसलं?"

त्या क्षणी उत्तरापेक्षा घाई महत्त्वाची होती. रक्कम परत मागवण्याचा संदेश ती पाठवणाऱ्या बँकेलाच काढावा लागतो, त्यामुळे ग्राहकाला फोन करून त्याच्या बँकेत धाडले, इकडे सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग मी अकाउंटंटचा मेलबॉक्स उघडला.

पासवर्ड बदलला की काम संपले, असे पुष्कळ जण समजतात. चोराने आत बसून लावलेले नियम पासवर्ड बदलल्यावरही तसेच राहतात. इथे एक नियम होता आणि त्याचे नाव म्हणजे केवळ एक टिंब. ज्या मेलमध्ये 'इन्व्हॉइस', 'पेमेंट' किंवा त्या ग्राहकाचे नाव असेल, ती वाचलेली असल्याची खूण करून 'आरएसएस फीड्स'मध्ये टाकावी, असा तो नियम. हे फोल्डर आउटलुकमध्ये असते आणि कोणीही उघडत नाही. त्यात ग्राहकाची खरी मेल पडून होती: "खाते बदलल्याचे पत्र मिळाले, हे बरोबर आहे ना?" तिला उत्तरही गेले होते, पण ज्या पत्त्यावरून गेले त्यात कारखान्याच्या नावातल्या एमच्या (m) जागी एमसारखेच दिसणारे आर आणि एन (rn) शेजारी शेजारी बसवले होते. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या पत्त्याशीच झाला.

चोर आत आला तो कोटेशन मागणाऱ्या, पण खरे तर पासवर्ड काढून घेणाऱ्या एका बनावट मेलमधून. ती एकाच वेळी असंख्य पत्त्यांवर जाते, आणि अकाउंटंटचा पत्ता तर कारखान्याच्या वेबसाइटवरच छापलेला होता. दुहेरी पडताळणी बंद होती, कारण 'साहेबांना ओटीपीचा त्रास होतो', असे संगणकांची देखभाल करणाऱ्या वार्षिक कंत्राटवाल्याने ठरवले होते. याच गृहस्थाने त्या दुपारी नवा अँटिव्हायरस विकायला काढला! खऱ्या पासवर्डने शिरलेल्या माणसाला अँटिव्हायरस काय अडवणार?

इथपर्यंत काकांना मुद्दाम कोणी निवडलेले नव्हते. निवड नंतर झाली, आणि मी अजून विचार करतो तो तिचाच. कारखान्याने २०२१ मध्ये खरोखर बँक बदलली होती आणि ग्राहकाला तसे पत्र एका मेलने पाठवले होते. ग्राहकाने फोन न करता पुढचे बिल नव्या खात्यात भरले होते. चोराचे पत्र म्हणजे त्या पत्राची नक्कल होती: तेच लेटरहेड, तीच वाक्ये, 'रिसीव्ह' या इंग्रजी शब्दातली आय आणि ईची अदलाबदलसुद्धा तशीच. म्हणजे कोणीतरी जुन्या मेल निवांत वाचून काढल्या होत्या. मोठी बिले, साठ दिवसांची उधारी आणि एका मेलवर खाते बदलणारा ग्राहक, इतके त्याला पुरेसे होते. कारखाना लहान की मोठा हे त्याने पाहिलेच नसावे. गूगल आणि फेसबुकलाही २०१३ ते २०१५ दरम्यान एका लिथुआनियन माणसाने पुरवठादार असल्याचे भासवून खोट्या बिलांनी दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेला गंडवले होते. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये अशा मेल-फसवणुकीत सुमारे २९० कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी आल्या, तर ज्याच्या बातम्या होतात त्या रॅन्समवेअरच्या (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या) तक्रारींतले नुकसान सुमारे सहा कोटी डॉलरचे होते. काकांनी खर्च केला होता तो मात्र गेटवरच्या कॅमेऱ्यांवर.

रक्कम परत आलेली नाही. तुमचाच मेलबॉक्स फुटला, असे ग्राहक म्हणतो. खाते बदलताना फोन का केला नाही, असे काका विचारतात. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून वकिलांचे काम चालू आहे. यापुढे खात्यातला कोणताही बदल जुन्या, ठाऊक असलेल्या नंबरवर फोन करूनच पक्का करावा, ही अट ग्राहकाला कळवा, असे मी सुचवले, तेव्हा काकांना तो ग्राहकाचा अपमान वाटला होता. पुढच्या ऑर्डरीच्या मसुद्यात ग्राहकाने स्वतःच ती पहिल्या पानावर घातली आहे.